पाऊस मोजून भरपाई : कोरडवाहू शेतीच्या विम्याची शंभर वर्षे

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याचे कॅसलरॉक हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, गोव्याच्या हद्दीला लागून वसले असून तेथे वर्षाकाठी पडणारा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. मात्र तेथून पूर्वेकडे शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या धारवाडला हेच मान आठशे मिलिमीटरच्या आसपास येते आणि विजापूरच्या काळ्या रानात ते सहाशेपर्यंत उतरते. ढग घाटमाथ्यावर रिते झाल्यामुळे मागे कोरडा राहणारा हा पर्जन्यछायेचा पट्टा उत्तरेस सोलापूर, बीडपर्यंत आणि दक्षिणेस बळ्ळारी, चित्रदुर्गापर्यंत पसरलेला आहे, आणि त्यात ज्वारी, बाजरी, भुईमूग, कापूस पिकवणाऱ्या अल्पभूधारकाचे सारे वर्ष मोक्याच्या चार-दोन पावसांवर तरते किंवा बुडते. हुकलेल्या पावसाची झळ कोणी सोसायची, शेतकऱ्याने एकट्याने की सगळ्यांनी मिळून, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे प्रथम गांभीर्याने उभा राहिला तो 1876 ते 1878 च्या दुष्काळात.

त्या दुष्काळाने मुंबई व मद्रास इलाखे, निजामाचे राज्य आणि म्हैसूर संस्थान यांतील कोरडा मुलूख उद्ध्वस्त केला. एकट्या म्हैसूर संस्थानाने लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा गमावला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी आणि महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली, तर सरकारने नेमलेल्या दुष्काळ आयोगाने 1880 च्या अहवालात मदतकार्याचे नियम घालून देतानाच, धान्य टंचाईच्या भागात वेळेवर पोहोचावे यासाठी पाच हजार मैलांचे लोहमार्ग तातडीने टाकण्याची गरज मांडली. या विचारातूनच 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे उभी राहिली आणि तिचे रूळ होटगी, विजापूर, गदग, हुबळी अशा नेमक्या अवर्षणप्रवण भागातून गेले. दुसरीकडून, 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानुसार मुरगाव बंदरापासून घाट चढत आलेला गोव्याचा लोहमार्ग 1888 मध्ये कॅसलरॉकला पोहोचला, आणि मुंबई इलाख्याच्या उत्तर कानडा जिल्ह्यातील, तेव्हाच्या सुपे तालुक्यातील हे ठाणे दोन राज्यांच्या सरहद्दीवरचे, दुष्काळी मुलखाला समुद्राशी जोडणारे स्थानक बनले.

लोहमार्गाने धान्याची वाहतूक सुकर केली, परंतु 1896-97 आणि 1899-1900 च्या लागोपाठच्या दुष्काळांत स्पष्ट झाले की पीक बुडालेल्या कुटुंबाच्या हाती पैसाच नसेल तर बाजारात आलेले धान्य त्याच्या घरापर्यंत येत नाही. हंगाम गेला की शेतकरी सावकाराकडे जात असे, आणि 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांनी ते कर्ज कोठवर साचले होते हे दाखवूनच दिले होते. सरकारजवळ अशा वेळी एकच नेहमीचे साधन होते, ते म्हणजे शेतसाऱ्याची तहकुबी किंवा सूट; त्यासाठी गावचे पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आले याचा अंदाज बांधला जाई. ही आणेवारी, जी पुढे पैसेवारी झाली आणि महाराष्ट्रात पन्नास पैशांखाली आली की गाव टंचाईग्रस्त मानले जाऊ लागले, विम्याच्या इतिहासात सहसा उल्लेखिली जात नाही. परंतु एकेका शेताची पाहणी न करता साऱ्या गावाला एकच आकडा लावायचा आणि त्यावर प्रत्येकाची सवलत ठरवायची, ही कल्पना शासनाच्या आणि शेतकऱ्याच्या अंगवळणी पडली ती तिच्यामुळेच. तिचा दोषही तेव्हापासूनच माहीत होता: आकडा अंदाजाने बांधला जात असल्याने तो बांधणाऱ्याची मर्जी त्यात उतरत असे.

मर्जीला वाव नसलेला आकडा मिळण्याची सोय याच काळात होत होती. भारतीय हवामान खाते 1875 मध्ये स्थापन झाले आणि तालुक्यांच्या कचेऱ्यांमधून आधीपासून ठेवल्या जाणाऱ्या पर्जन्यमापनाला शिस्त आली. त्या काळी रूढ झालेले सायमन्सचे पर्जन्यमापक म्हणजे जमिनीत अर्धवट पुरलेले जस्ताचे नळकांडे, त्याच्या तोंडावर पाच इंच व्यासाचे नरसाळे आणि आत पाणी साठवणारी बाटली. कारकुनाने रोज सकाळी ती बाटली काढायची, पाणी रेषा आखलेल्या काचेच्या मापात ओतायचे, पातळी वाचायची आणि वहीत मांडायची. उपकरण साधे होते, पण त्याने साठवलेल्या वर्षानुवर्षांच्या वह्यांमध्ये एखाद्या तालुक्यात किती वर्षांतून एकदा पाऊस किती कमी पडतो हे लिहिलेले होते, आणि विम्याचा हप्ता ठरवायला नेमके तेवढेच लागते.

हे प्रथम ओळखले ते म्हैसूर संस्थानातील वित्त खात्याचे अधिकारी जे. एस. चक्रवर्ती यांनी. विश्वेश्वरय्यांच्या दिवाणगिरीत संस्थानात आर्थिक सुधारणांची जी चर्चा चालू होती, तिच्यात चक्रवर्तींनी 1915 च्या सुमारास म्हैसूर इकॉनॉमिक जर्नलमधून शेतीविम्याची कल्पना मांडली आणि 1920 मध्ये तिचे सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केले. दोनच वर्षांपूर्वी, 1918 मध्ये, देशभर पावसाने दगा दिला होता आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने त्यात भर घातली होती, त्यामुळे विषय केवळ पुस्तकी नव्हता. युरोपात गारपिटीचा विमा अनेक वर्षे चालत होता, पण त्यात नुकसान झालेल्या शेतावर जाऊन पाहणी करावी लागे. भारतात लक्षावधी लहान शेते, प्रत्येकाच्या मागील उत्पन्नाची नोंद नाही, आणि विमा उतरल्यावर निंदणी-कोळपणीत कसूर झाली की पाऊस कमी पडला हे ओळखण्याची सोय नाही, अशा स्थितीत वैयक्तिक पाहणीचा विमा चालणार नाही हे चक्रवर्तींनी जाणले. म्हणून त्यांनी सुचवले की विमा पिकाचा न उतरवता पावसाचा उतरवावा: ठरावीक क्षेत्रातील पर्जन्यमापकावर पाऊस ठरलेल्या पातळीखाली नोंदला गेला, तर त्या क्षेत्रातील प्रत्येक विमेदाराला एकरी ठरलेली रक्कम मिळावी, मग त्याचे स्वतःचे पीक कसेही असो. शेतकरी पाऊस कमी-जास्त करू शकत नाही, त्यामुळे लबाडीला जागा उरत नाही. आणि चांगले कसणाऱ्याला त्याच्या मेहनतीचे फळ मिळून वर भरपाईही मिळते, त्यामुळे आळसाला उत्तेजन मिळत नाही.

आज जगभर निर्देशांक विमा या नावाने जे ओळखले जाते, म्हणजे नुकसानीऐवजी नुकसानीशी निगडित एखादे मोजमाप प्रमाण मानून भरपाई देण्याची पद्धत, तिची ही जवळजवळ संपूर्ण मांडणी होती. अमेरिकेत हॅरॉल्ड हॅल्क्रो यांनी अशाच तत्त्वाचे शास्त्रीय विवेचन केले ते 1949 मध्ये, चक्रवर्तींच्या पुस्तकानंतर जवळपास तीस वर्षांनी. तरीही म्हैसुरात ही योजना अमलात आली नाही, आणि बडोदा, देवास यांसारख्या संस्थानांत झालेल्या पीकविम्याच्या प्रयत्नांनाही फारसे यश आले नाही. ज्या उपायाला फक्त पर्जन्यमापकाच्या वह्या आणि शासनाची हमी हवी होती, तो ऐंशीहून अधिक वर्षे पुस्तकात पडून राहावा ही या इतिहासातील सर्वांत खेदाची गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर विचार पुन्हा सुरू झाला. 1947 मध्ये अन्न व कृषिमंत्री राजेंद्र प्रसाद यांनी विधिमंडळात दिलेल्या आश्वासनानुसार जी. एस. प्रियोळकर यांना विशेष अधिकारी म्हणून अभ्यासासाठी नेमण्यात आले, आणि त्यांनी एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीऐवजी सारख्या पीकपरिस्थितीचे क्षेत्र हे विम्याचे एकक मानावे असा कौल दिला. परंतु खर्चाचा वाटा उचलायला राज्ये तयार झाली नाहीत. 1965 मध्ये पीकविम्याचे विधेयक आणि नमुना योजना तयार झाली, राज्यांनी पुन्हा हात आखडला, आणि 1970 मध्ये धर्म नारायण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तर पीकविमा सुरू करणे इष्टच नाही असे मत दिले.

त्यानंतर दोनच वर्षांत महाराष्ट्रावर 1972 चा दुष्काळ कोसळला. त्याला राज्याने दिलेले उत्तर विम्याचे नव्हते, तर कामाचे होते: खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर लाखो माणसे आली, आणि वि. स. पागे यांच्या संकल्पनेतील रोजगार हमी योजनेला पुढे कायद्याचे रूप मिळाले. संकटाचा निवाडा येथे पावसाच्या किंवा पिकाच्या आकड्यावर होत नव्हता. जो माणूस घाम गाळायला येतो त्याला गरज आहेच असे मानले जात होते. या उपायाची थोरवी निर्विवाद आहे, पण त्याने माणूस जगवला, शेतीत घातलेले भांडवल परत मिळवून दिले नाही. बियाणे, खत आणि मशागतीवर खर्च झालेला पैसा गेला तो गेलाच, आणि हरितक्रांतीच्या वाणांबरोबर हा खर्च वर्षागणिक वाढत होता.

1972-73 मध्ये गुजरातेत एच-4 या संकरित कापसासाठी विमा सुरू झाला, तो याच वाढत्या खर्चामुळे. तो नंतर महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत आणि पिकांत नेण्यात आला, पण त्याचा पाया एकेका शेताच्या पाहणीचा होता, आणि चक्रवर्तींनी वर्तवलेले सारे घडून आले: 1978-79 पर्यंत अवघे 3,110 शेतकरी आले, हप्त्यापोटी 4.54 लाख रुपये जमले आणि भरपाईपोटी 37.88 लाख द्यावे लागले.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांना जाते. 1976 मध्ये लिहिलेल्या निबंधात दांडेकरांनी क्षेत्र हे एकक पुन्हा पुढे आणले, मात्र चक्रवर्तींप्रमाणे पावसावर न थांबता त्या क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावर भरपाई बसवली. यासाठी लागणारे साधन तोवर सिद्ध झालेले होते. पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी 1940 च्या दशकात विकसित केलेल्या पीक कापणी प्रयोगांमध्ये गावे आणि शेते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने निवडली जातात. निवडलेल्या शेतात, बहुतेक धान्यपिकांसाठी दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशी चौकट खुंट्या ठोकून व दोरी ताणून आखली जाते, तेवढेच पीक कापून, मळून, उफणून तोलले जाते आणि वजनाचा आकडा पंचांसमक्ष लिहिला जातो. मागील काही वर्षांच्या अशा आकड्यांवरून, ठरलेला जोखीमस्तर लावून, त्या क्षेत्राचे उंबरठा उत्पन्न काढायचे, आणि चालू वर्षाचे सरासरी उत्पन्न त्याखाली गेले तर जेवढी तूट तेवढ्या प्रमाणात सर्वांना भरपाई द्यायची, असा हा हिशेब होता. अंदाजाने बांधलेल्या आणेवारीच्या जागी तोललेले धान्य आले, हा बदल लहान नव्हता.

दांडेकरांच्या मांडणीवर सर्वसाधारण विमा महामंडळाने 1979 मध्ये पथदर्शी योजना सुरू केली, आणि 1 एप्रिल 1985 पासून सर्वंकष पीकविमा योजना देशभर आली, जिच्यात तृणधान्यांसाठी 2 टक्के आणि कडधान्ये-तेलबियांसाठी 1 टक्का हप्ता होता. हा विमा पीककर्जाला जोडलेला असल्याने सोसायटीचा कर्जदार आपोआप विमेदार झाला, आणि ज्याला सोसायटी दारात उभी करत नव्हती तो कूळ किंवा लहान शेतकरी बाहेरच राहिला. 1999 पर्यंत जमलेला हप्ता सुमारे 404 कोटी आणि दिलेली भरपाई सुमारे 2,303 कोटी रुपये होती. त्या वर्षीच्या रब्बीपासून आलेल्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेने बिगरकर्जदारांना दार उघडले, तरी कापणी प्रयोगांचे आकडे गोळा होऊन भरपाई हाती येईपर्यंत पुढचा हंगाम उजाडत असे, ही तक्रार कायम राहिली.

विलंबाच्या या दुखण्यानेच पर्जन्यमापकाला पुन्हा मध्यभागी आणले. 2003 च्या खरिपात बेसिक्स या संस्थेने आयसीआयसीआय लोम्बार्ड या विमा कंपनीबरोबर, जागतिक बँकेच्या तांत्रिक साहाय्याने, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यात भुईमूग आणि एरंडीच्या सुमारे 230 शेतकऱ्यांना पावसाचा विमा विकला. विकसनशील देशांत लहान शेतकऱ्यांना थेट विकलेल्या पहिल्या काही पर्जन्यविम्यांमध्ये त्याची गणना होते. हंगामाचे पेरणी व वाढ, फुलोरा, आणि दाणे भरणे असे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला पावसाचे प्रमाणक, म्हणजे भरपाई सुरू होण्याची पातळी, ठरवलेले होते. समजा फुलोऱ्याच्या टप्प्याला 75 मिलिमीटरचे प्रमाणक असून प्रत्यक्षात 50 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर 25 मिलिमीटरची तूट धरून प्रत्येक मिलिमीटरमागे ठरलेले रुपये मिळतात, आणि पाऊस आणखी खालच्या एका पातळीपेक्षाही कमी झाला तर त्या टप्प्याची पूर्ण रक्कम मिळते. शेतावर कोणी येत नाही, पंचनामा होत नाही, टप्पा संपला की हिशेब तयार असतो.

इतका सुटसुटीत विमा शेतकऱ्यांनी हातोहात घ्यायला हवा होता, परंतु या भागात झालेल्या अभ्यासांत वेगळेच दिसले. विकत घेणारे थोडेच होते. ज्यांना जोखीम सोसणे सर्वांत अवघड, तेच अधिक कचरत होते. आणि ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाने शिफारस केली तर खरेदी वाढत होती. यात अडाणीपणा शोधणे अन्यायाचे ठरेल. पेरणीच्या तोंडावर, घरात रोकड सर्वांत कमी असताना, अनोळखी कंपनीला पैसे द्यायचे आणि भरपाई कोसभर दूरच्या यंत्रावर सोपवायची, हा व्यवहार सावधपणे पाहणाऱ्याला धोक्याचाच वाटणार. नांगराच्या एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला ऊन, हा कोरडवाहू भागातला नित्याचा अनुभव असल्यामुळे, शेत वाळूनही यंत्रावर पुरेसा पाऊस नोंदला जाण्याची भीती खरी होती. शेतातील नुकसान आणि यंत्रावरील आकडा यांच्यातील ही तफावत हाच पर्जन्यविम्याचा मूळ दोष असून, त्यानंतरचा सारा इतिहास ही तफावत कमी करण्याच्या खटपटीचा आहे.

2007-08 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हवामान आधारित पीकविम्याच्या प्रयोगासाठी 100 कोटी रुपये ठेवले गेले, आणि त्या वर्षीच्या खरिपात भारतीय कृषी विमा कंपनीने तो सुरू केला तो कर्नाटकात, चक्रवर्तींच्या म्हैसूर संस्थानाचा वारसा सांगणाऱ्या राज्यात, कोरडवाहू पिकांसाठी आणि होबळी, म्हणजे तालुक्याखालील महसुली विभाग, हे एकक धरून. कर्नाटकाला हे जमण्यामागे एक कारण होते. दुष्काळाच्या अनुभवातून 1988 मध्ये तेथे स्थापन झालेल्या दुष्काळ संनियंत्रण कक्षाचे पुढे राज्य नैसर्गिक आपत्ती संनियंत्रण केंद्र झाले, आणि त्याने ग्रामपंचायतींपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापकांचे सहा हजारांहून मोठे जाळे विणले. या यंत्रात बाटलीऐवजी दोन छोट्या डोलत्या वाट्या असतात. एक भरली की ती कलते, दुसरी पुढे येते, आणि प्रत्येक कलण्याची नोंद दूरसंचाराने बंगळूरला जाते.

याच जाळ्यामुळे अवर्षणासाठी जन्मलेला विमा अतिवृष्टीच्या मुलखातही पोहोचला. 1956 मध्ये भाषावार राज्यरचनेने मुंबई राज्यातून म्हैसुरात गेलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आज सुपारी आणि काळी मिरी यांना हवामान आधारित विमा मिळतो. पावसाळ्यात सतत झड लागली की सुपारीच्या घडांवर बुरशीजन्य कोळेरोग येऊन कोवळी फळे गळतात, त्यामुळे येथे तुटीऐवजी पावसाच्या अतिरेकाला भरपाई आहे. परंतु घाटात एका दरीचा पाऊस शेजारच्या दरीला लागू पडत नाही, आणि ऐन पावसाळ्यात यंत्र बंद पडले तर पर्यायी केंद्राची नोंद ग्राह्य धरावी लागते. अशा वेळी बागायतदाराच्या मनात शंका राहिली तर तिला पुरेसे कारण असते. महाराष्ट्रातही 2011-12 पासून आलेल्या हवामान आधारित फळपीक विमा योजनेत कोकणच्या आंब्यापासून विदर्भाच्या संत्र्यापर्यंत अवेळी पाऊस आणि कमी-जास्त तापमान यांची प्रमाणके लागू झाली, आणि महावेध प्रकल्पाने महसूल मंडळांच्या पातळीवर सुमारे दोन हजार स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली.

कोरडवाहू धान्यपिकांचा मुख्य विमा मात्र उत्पन्नावरच राहिला. 2016 च्या खरिपापासून आलेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के आणि नगदी पिकांना 5 टक्के असा बांधला गेला आणि उरलेला भार केंद्र व राज्याने उचलला. 2020 पासून कर्जदारांवरची सक्तीही गेली. या योजनेत दांडेकरांचा कापणी प्रयोग आणि चक्रवर्तींचे पर्जन्यमापक हंगामाच्या मध्यात एकत्र येत असत. पावसात मोठा खंड पडून अपेक्षित उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या निम्म्याखाली जाण्याची चिन्हे दिसली, की जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिसूचनेने संभाव्य भरपाईच्या 25 टक्के रक्कम आगाऊ देण्याची त्यात तरतूद होती. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रातील मंडळांमागून मंडळांत 21 दिवसांहून मोठा खंड नोंदला गेला, आणि ऐन शेंगा भरण्याच्या काळात सोयाबीन करपले. त्याच हंगामात राज्याने एक रुपयात पीकविमा सुरू केला होता आणि सुमारे 1 कोटी 70 लाख अर्ज आले होते. अग्रिमाच्या अधिसूचना निघाल्या, कंपन्यांनी आक्षेप घेतले, अपिले चालली, तरी पुष्कळ शेतकऱ्यांच्या खात्यात हंगामाचा अंतिम हिशेब होण्याआधी काही रक्कम जमा झाली.

एक रुपयाच्या योजनेत बोगस अर्जांचे प्रकार उघडकीस आल्यावर 2025 च्या खरिपापासून ती बंद झाली आणि 2, 1.5 व 5 टक्क्यांचे हप्ते परत आले. त्याबरोबरच हंगामाच्या मध्यातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती यांसारखे निकष वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर देण्याचे राज्याने ठरवले. गैरप्रकार रोखणे आवश्यक होते, पण अर्जांतील लबाडी आणि पावसाचा खंड यांचा परस्परांशी काही संबंध नाही. खंड यंत्रावर नोंदला जातो आणि तो कोणाला खोटा दाखल करता येत नाही, हे 1920 मध्येच मांडले गेले होते. सोयाबीन-उडदाचे कापणी प्रयोग सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकले तरी त्यांचे आकडे जुळवून, तपासून भरपाई ठरेपर्यंत महिने जातात, आणि रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याची पेरणी तोवर होऊन गेलेली असते. त्या पेरणीचे बियाणे आणि खत खरीप गमावलेल्या शेतकऱ्याला उसनवारीवर किंवा सावकाराकडून पैसे उचलून आणावे लागते.